चार दिवस, चार रात्री आणि परतीची वाट



आजचा विषय एका चिठ्ठीतून आला आहे. मागच्या व्याख्यानानंतर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी जाता जाता आमच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. चाळिशी जवळ आलीय, नुकताच घटस्फोट झालाय. तो आता चार दिवस आणि चार रात्री वाळवंटात एकटा, उपाशी राहणार आहे, आणि त्यासाठी पैसे भरून मोकळाही झालाय. चिठ्ठीच्या शेवटी दोन प्रश्न होते. ‘हे काय खूळ आहे?’ आणि ‘मी त्याला अडवू का?’

दुसऱ्या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ. पहिल्या प्रश्नासाठी मात्र थोडं मागे जावं लागेल, कारण हे खूळ असेल तर ते फार जुनं आहे आणि आपल्याही घरात आहे.

तीन पायऱ्या

१९०९ साली आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाचं एक फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध झालं. विषय होता संक्रमणाचे विधी. जन्म, वयात येणं, लग्न, मृत्यू अशा वळणांवर जगभरचे समाज जे विधी करतात, ते त्याने शेजारी शेजारी मांडले. वरून पाहिलं तर कशाचा कशाशी मेळ नाही. पण आतला सांगाडा बघितला तर पुन्हा पुन्हा तीन पायऱ्या दिसतात. आधी माणसाला त्याच्या जुन्या जागेपासून वेगळं करायचं. मग काही काळ ना इथला ना तिथला, अशा अवस्थेत ठेवायचं. आणि शेवटी नव्या ओळखीसह लोकांत परत घ्यायचं.

आता आपली मुंज आठवून बघा. मुंजीच्या दिवशी मातृभोजन असतं. आईच्या ताटात, आईच्या हातचा तो शेवटचा घास. ही झाली तोडणी. मग डोकं भादरायचं, लंगोटी नेसवायची, हातात दंड द्यायचा आणि भिक्षावळीला उभं करायचं. काल घरात हट्ट करणारा मुलगा आज आईपुढेच भिक्षा मागतो. ही मधली अवस्था. पूर्वी ती गुरूच्या घरी वर्षानुवर्षं चालायची. आणि शेवटी सोडमुंज, म्हणजे शिक्षण संपवून संसाराच्या वाटेवर परत येणं. आज हे सगळं एका सकाळीत उरकतं आणि दुपारी जेवणावळ होते. सांगाडा मात्र तोच आहे.

मधल्या अवस्थेसाठी व्हान गेनेपने जो शब्द वापरला तो लॅटिनमधल्या ‘लिमेन’वरून आला आहे. लिमेन म्हणजे उंबरठा. आपल्याकडे नवी नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत येते. एक पाऊल माहेरचं, एक सासरचं, आणि मध्ये क्षणभर ती कुठलीच नाही.

पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने हा उंबरठाच अभ्यासाला घेतला. १९५० च्या दशकात तो आजच्या झांबियातल्या एन्डेम्बू लोकांमध्ये राहिला होता. त्याचं म्हणणं असं, की उंबरठ्यावर माणसाची पदवी, हुद्दा, कपडे, नाव हे सगळं गळतं. आणि असे सगळं गळलेले लोक एकत्र आले, की त्यांच्यात एक वेगळीच बरोबरी आणि जवळीक तयार होते. त्याला त्याने ‘कम्युनिटास’ असं नाव दिलं.

इथे आपला थेट संबंध येतो. १९७४ च्या एका पुस्तकात टर्नर यात्रांविषयी लिहितो, आणि त्यात पंढरपूरच्या वारीची चर्चा आहे. त्याच्यासाठी एक आधार होता इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख. मराठीत तो ‘वाटचाल’ नावाने आहे आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. गंमत अशी, की इरावतीबाईंनी वारीतली माया जशी पाहिली, तशी फटही पाहिली. ब्राह्मणांचे आणि मराठ्यांचे गट एकाच वाटेने चालतात, एकच अभंग म्हणतात, पण जेवायला वेगळे बसतात, हे त्यांना सलत राहिलं. म्हणजे उंबरठ्यावर सगळं गळतं असं म्हणताना जरा जपून. काही गोष्टी माणूस रानातही गाठोड्यात बांधून नेतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाळवंटात नेमकं काय करतात

आता कॅलिफोर्नियाकडे जाऊ. चिठ्ठीतला मुलगा ज्याला जाणार आहे, त्याला तिकडे ‘व्हिजन फास्ट’ किंवा जुन्या नावाने ‘व्हिजन क्वेस्ट’ म्हणतात. आपण त्याला दर्शन-उपवास म्हणू. आजच्या रूपात हा प्रकार घडवण्यात एका जोडप्याचा मोठा वाटा आहे, स्टीव्हन फॉस्टर आणि मेरेडिथ लिटल. १९७० च्या दशकात त्यांनी लोकांना अशा उपवासासाठी रानात नेणं सुरू केलं, १९८१ मध्ये ‘स्कूल ऑफ लॉस्ट बॉर्डर्स’ ही संस्था काढली आणि पूर्व कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात बस्तान बसवलं. फॉस्टर २००३ मध्ये वारले. त्यांच्या पद्धतीने काम करणारे लोक आज बऱ्याच देशांत आहेत.

त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. आधुनिक समाजात मुलगा मोठा कधी झाला, हे कोण ठरवतं? वाहन चालवायचा परवाना मिळाला की? पहिला पगार झाला की? आणि नोकरी सुटली, लग्न मोडलं, आईवडील गेले, तर त्या वळणावर उभं राहायला काही विधी आहे का? नसला तर माणूस तिथेच अडकून पडतो. म्हणून त्यांनी व्हान गेनेपच्या तीन पायऱ्या उचलल्या आणि त्यावर कार्यक्रम उभा केला.

सगळा मिळून साधारण दहा-बारा दिवसांचा हा मामला असतो. पहिले तीन-चार दिवस तयारीचे. वर्तुळात बसून प्रत्येकाने सांगायचं, की मी इथे का आलो आणि काय मागे सोडायचंय. सोबत रानातल्या धोक्यांची माहिती मिळते. साप, विंचू, अचानक येणारा पूर, रात्रीची थंडी. वाळवंटात दिवसा भाजून निघतं आणि रात्री दात वाजतात.

मग चार दिवस आणि चार रात्री एकट्याने. अन्न नाही, माणूस नाही, फोन नाही. पाणी मात्र भरपूर, दिवसाला साधारण पावणेचार लिटर. डोक्यावर तंबूऐवजी नुसती ताडपत्री. झोपायची पिशवी, गरम कपडे, शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, वही. बस.

एकटं म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं नव्हे. यासाठी त्यांची एक फार साधी आणि फार शहाणी रीत आहे. दोन-दोन जणांची जोडी लावतात. दोघांच्या जागांच्या मध्ये दगडांचा एक ढीग ठरवतात. एकाने सकाळी तिथे जाऊन एक दगड ठेवायचा, दुसऱ्याने दुपारी. भेट होत नाही, बोलणं होत नाही. पण दगड दिसला की कळतं, माझा जोडीदार ठीक आहे. दगड दिसला नाही तर शोधायला जायचं आणि तळावर कळवायचं. चार दिवसांत तुमचा जगाशी संबंध एवढाच, दिवसाला एक दगड.

आत काय घडतं? बहुतेक वेळा चमत्कार नाही, कंटाळा. यकृतातला साखरेचा साठा साधारण एका दिवसात संपतो आणि शरीर चरबीकडे वळतं. पहिले दोन दिवस भूक, डोकेदुखी, चिडचिड. पुढे भूक मंदावते, अंग जड होतं, उठताना चक्कर येते. आपल्याकडे उपवास म्हणजे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’, त्यामुळे आपल्याला याची कल्पना येणं अवघड. दिवस लांबलचक होतो. सावली कुठे सरकली याखेरीज बातमी नाही. आणि मग ज्या आठवणींवर आपण इतकी वर्षं काम, मोबाइल आणि खाणं यांचं झाकण ठेवलेलं असतं, त्या एकेक करून वर येतात. शेवटच्या रात्री दगडांचं वर्तुळ करून त्यात जागायचं असतं, पहाटेपर्यंत. सूर्य वर आला की सामान आवरून तळावर परत.

हे कुणाचं?

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ‘व्हिजन क्वेस्ट’ हे नाव ऐकलं की मूळ अमेरिकी लोक आठवतात, आणि ते बरोबरच आहे. लाकोटा लोकांमध्ये ‘हान्ब्लेचेया’ नावाचा विधी आहे. अर्थ साधारण असा, दर्शनासाठी रडणं, टाहो फोडणं. साधक जाणत्या माणसाकडे जातो, ‘इनिपी’ म्हणजे वाफेच्या झोपडीत शुद्ध होतो, मग टेकडीवर एकटा राहतो. परत आल्यावर पुन्हा इनिपी, आणि जे दिसलं ते त्या जाणत्यापुढे जसंच्या तसं सांगायचं. अर्थ तो लावतो.

आता इतिहास बघा. १८८३ मध्ये अमेरिकी सरकारने नियम करून या लोकांच्या अनेक विधींवर बंदी घातली. धर्मस्वातंत्र्याला संरक्षण देणारा कायदा त्यांच्यासाठी आला १९७८ मध्ये. म्हणजे ज्या दशकात त्यांना स्वतःचे विधी उघडपणे करण्याची कायदेशीर हमी मिळत होती, त्याच दशकात शहरी गोरे लोक त्याच नावाने कार्यक्रम चालवू लागले होते. त्यांना राग येणार नाही तर काय? १९९३ मध्ये लाकोटा, डाकोटा आणि नाकोटा प्रतिनिधींनी आपल्या अध्यात्माचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध चक्क ‘युद्धाची घोषणा’ असं नाव देऊन एक जाहीरनामा काढला. विधी विकायचे नसतात, ही त्यातली भूमिका.

यावर दुसरी बाजू अशी, की रानात एकटं जाऊन उपास करणं ही कुणा एकाची मालमत्ता नाही. येशू वाळवंटात चाळीस दिवस राहिला अशी कथा आहे, आपल्याकडे अरण्यातल्या तपाची परंपरा आहे. हे आम्हाला पटतं. पण मग नाव, पोशाख, चिलीम, ढोल, पिसं उसनी घेण्याचं कारण उरत नाही. उपवास सगळ्यांचा आहे, हान्ब्लेचेया त्यांचा आहे. बऱ्याच जबाबदार संस्थांनी ‘क्वेस्ट’ सोडून ‘फास्ट’ हा शब्द धरला, तो बदल योग्य दिशेने आहे असं आम्ही म्हणू.

सेडोना, २००९

उसनवारीने नुसता अपमान होतो असं नाही, जीवही जातो. ८ ऑक्टोबर २००९. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सेडोना गावाजवळ जेम्स आर्थर रे या प्रसिद्ध वक्त्याचं शिबिर चालू होतं. माणशी शुल्क नऊ हजार डॉलरच्या वर. लोकांना आधी वाळवंटात ३६ तास अन्नपाण्याविना एकटं ठेवलं. मग खायला-प्यायला दिलं आणि त्याच दिवशी दुपारी पन्नासहून जास्त माणसांना वाफेच्या एका बुटक्या, झाकलेल्या मांडवात बसवलं. तापलेल्या दगडांवर पाणी ओतत साधारण दोन तास.

तीन माणसं मेली. दोघं त्याच संध्याकाळी, तिसरी काही दिवसांनी रुग्णालयात. अनेकांना दाखल करावं लागलं. २०११ मध्ये रे यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या तीन मृत्यूंसाठी दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा झाली.

शरीरशास्त्र सोपं आहे. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. कोंडलेल्या दमट वाफेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. आतलं तापमान चढत जातं. त्यातून अंगात पाणी आधीच कमी. माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाला स्वतःला बाहेर काढायचं सुचत नाही.

पण आमच्या दृष्टीने खरा धडा शरीराचा नाही. आतल्या लोकांना अस्वस्थ वाटत होतं, तरी बरेच जण बसून राहिले. का? कारण बाहेर पडणं म्हणजे कमकुवत ठरणं, असं वातावरण होतं. पैसे भरलेले, आठवडाभर गुरूच्या शब्दावर चाललेले. उंबरठ्यावर माणसाचा हुद्दा गळतो, तसा त्याचा नकारही गळू शकतो. टर्नरची जवळीक तिथेही होती, पण शेजारचा पडला तर उठून ‘थांबवा’ म्हणण्याची मोकळीक नव्हती. आता दगडांचा तो ढीग आठवा. तिथे एक दगड दिसला नाही तर सगळा कार्यक्रम बाजूला ठेवून माणूस शोधला जातो. दोन्ही ठिकाणी रान होतं, उपास होता, विधी होता. फरक होता तो एकमेकांवर लक्ष ठेवण्याच्या रीतीत.

माणूस खरंच बदलतो का?

निसर्गाचा शरीरावर परिणाम होतो, याला चांगले आधार आहेत. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी एक छोटा पण गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. जपानच्या वन खात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान ही कल्पना पुढे आणली, त्यावरही पुढे बरंच काम झालं.

पण खिडकीतून झाड दिसून दुखणं कमी होणं वेगळं, आणि चार दिवसांत आयुष्य बदलणं वेगळं. एका गोष्टीचा पुरावा दुसरीच्या जाहिरातीत वापरायचा नाही. शिवाय अशा शिबिरांना जाणारे लोक बदलायचं ठरवूनच गेलेले असतात. त्यांच्यात फरक पडला तर तो रानामुळे, उपासामुळे की त्या ठरवण्यामुळे, हे वेगळं काढणं कठीण.

आम्हाला जे वाटतं ते असं. रान माणसाला बदलत नाही. रान त्याला बाकीच्यांपासून सोडवतं. बदल टिकतो की नाही, हे तिसऱ्या पायरीवर ठरतं.

मावंदं

उपवास सोडून लोक तळावर येतात, तेव्हा आधी हलकं खाणं देतात आणि मग दोन-तीन दिवस वर्तुळ बसतं. प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची. बाकीचे मध्ये बोलत नाहीत. मग मार्गदर्शक ती गोष्ट परत त्यालाच सांगतो, सल्ला न देता. ‘तू म्हणालास, तिसऱ्या रात्री वारा सुटला आणि ताडपत्री फाटली, आणि तू ती बांधली नाहीस, हसत बसलास.’ एवढंच. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, की तिच्यातलं महत्त्वाचं काय ते माणसाला दिसतं.

पण यात एक उणीव राहते. ऐकणारे लोक चार दिवसांनी आपापल्या विमानाने निघून जातात. लाकोटा साधक टेकडीवरून उतरतो तो आपल्याच लोकांत. त्याला जे दिसलं ते वस्तीसाठीही असतं आणि वस्ती त्याला पुढे जाब विचारू शकते. शहरातला माणूस मात्र सोमवारी सकाळी कार्यालयात जातो, आणि तिथे कुणाला पत्ताही नसतो. दोन आठवड्यांत सगळं विरतं. किंवा याच्या उलट, परत आल्या आल्या तो राजीनामा देतो, घर विकतो. म्हणूनच अनुभवी मार्गदर्शक सांगतात, की आल्यावर काही आठवडे मोठा निर्णय घेऊ नका.

आपल्या जुन्या माणसांनी ही पायरी ओळखली होती. काशीयात्रा करून माणूस आला, की मावंदं घालायचे. गंगेची पूजा, नातेवाईक, शेजारी, जेवण. आपण त्याला जेवणावळ समजतो, पण त्यात काय होतं बघा. गेलेला माणूस परत आलाय, हे दहा जणांसमोर मान्य होतं. तो वाटेतलं सांगतो, लोक ऐकतात. नर्मदा परिक्रमा करून आलेल्यांभोवतीही अशीच माणसं जमतात. यात्रा एकट्याची असते, पण ती पूर्ण होते ती गावात.

चिठ्ठीला उत्तर

तर आता दुसरा प्रश्न. अडवू का?

आमचं उत्तर, अडवू नका, विचारा. त्याला फोन करून काही साध्या गोष्टी विचारा. नाव नोंदवताना तब्येतीची सविस्तर माहिती घेतली का? मधुमेहावर इन्सुलिन चालू असेल, हृदयविकार असेल, लिथियमसारखं औषध चालू असेल, खाण्याचा आजार होऊन गेला असेल, तर हा उपवास त्याच्यासाठी नाही, आणि चांगली संस्था हे स्वतःहून सांगते. पाणी भरपूर आहे ना? ‘पाण्याविना’ असं उत्तर आलं तर जाऊ नकोस म्हणा. जवळचं रुग्णालय किती अंतरावर, गाडी कुठे असेल, जोडीदाराची खूण काय? मध्येच सोडून यायची मुभा आहे का, आणि आल्यावर कुणी लाजवणार नाही ना? आणि परतल्यानंतरचे दिवस किती? चार दिवसांच्या उपवासाला परतीचे दोन तासच ठेवले असतील, तर त्या लोकांना आपण काय करतोय ते कळलेलं नाही, असं खुशाल समजा.

आणखी एक. त्याला नैराश्य इतकं आहे का, की जगणंच नको वाटतंय? तसं असेल तर वाळवंट नाही, आधी डॉक्टर. हे विचारायला बापाला जड जातं, पण विचारावं.

या सगळ्याची उत्तरं ठीक आली, तर जाऊ द्या. आणि तो परत आला, की त्याला घरी बोलावता आलं तर बोलावा, नाही तर फोनवर तासभर द्या. सल्ला देऊ नका, ‘पुढे काय ठरवलंस’ असंही लगेच विचारू नका. त्याला सांगू द्या, आणि जे ऐकलं ते तुमच्या शब्दांत त्याला परत सांगा. तिकडे वर्तुळात जे करतात तेच, फक्त तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता आणि आठवड्याने उठून निघून जाणार नाही. तिसरी पायरी तुमच्याकडे आहे.

इथे थांबतो. वेळ उरलाय, प्रश्न असतील तर घेऊ.